चुडैलीला नोटीस

वकील : अहो अंजनीबाई, पण भूत लागलं ते तिलवाऱ्याच्या घाटावर! कारखान्याच्या फाटकाच्या आत लागलं असतं, तर मी काहीतरी लढवलं असतं.

अंजनी : हसा, वकीलसाहेब, हसा. तुमच्या घरी नाही ना कोणी कढई वाजली का पलंगाखाली शिरून राहिलं.

वकील : हसत नाही, बाई. उद्या कमिशनरसाहेबांपुढे भरपाईची सुनावणी आहे. कारखान्याचा वकील पहिलं हेच विचारणार : नवऱ्याची सुट्टी मागायला आलात तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, नर्मदेच्या घाटावर चुडैलीनं धरलं म्हणून? मग नोटीस चुडैलीला द्या, आम्हाला का?

अंजनी : मग काय म्हणू? नवऱ्याचं डोकं फिरलं म्हणू? आमच्या शकुची सोयरीक सिहोऱ्याले जमली आहे. भूत काय, लागते, उतरते, लोक विसरतात. वेड रक्तात असते म्हणतात. कोण करन पोरीशी लग्न?

वकील : वेड कोण म्हणतं? डॉक्टर म्हणतात धसका आहे. लढाईच्या मालापायी रोज दोन-दोन पाळ्या, डोळ्याला डोळा नाही, त्यात शेजारी उभा असलेला अंबादास उकळतं लोखंड अंगावर पडून गेला. गणपतराव काय दगडाचे आहेत?

अंजनी : अंबादासच्या बायकोले भरपाई भेटली. हे इथं बसले आहेत, यांच्या अंगावर फोडही नाही. मुकादम म्हणते, एखादं तुटलेलं बोट तरी दाखव! मेला.

वकील : मेला खरा, पण बरोबर बोलला. कायद्यात बोटाचा भाव आहे, डोळ्याचा आहे. डोक्याचा मला भांडून घ्यावा लागेल. त्यासाठी तुमची चुडैल परत घ्या.

अंजनी : भाजी आहे का परत घ्यायले? साऱ्या गोरखपूर मोहल्ल्यात फिरून आली ती! भगत कोंबडं खाऊन गेला!

वकील : अच्छा! मग उतरली?

अंजनी : असती तं उतरली असती ना!

वकील : हे! हेच उद्या म्हणा.

अंजनी : वा जी! जीभ घसरली का धरलंच.

गणपत : मी तिलवाऱ्याले गेलोच नव्हतो.

अंजनी : अवो माय! बोलले! इतक्या दिसांत पहिल्यांदा बोलले!

गणपत : मी भ्यायलो, वकीलसाहेब. भट्टी पेटली का अंबादास ओरडते. हातात चिमटा राहत नाही. भूत नको, वेड नको. भ्यायलो म्हणून मीच सांगतो उद्या.

वकील : भरल्या कचेरीत? लोक भित्रा म्हणतील, गणपतराव.

गणपत : म्हणू द्या. भट्टीपुढे उभं राहायले त्यातला एक तरी येते काय?

वकील : बाई, तुम्ही का रडता? आता तर केस उभी राहिली.

अंजनी : तुम्ही गप बसा. अहो, उठा, टोपी घाला. सिहोऱ्याची मोटर भेटन अजून.

वकील : सिहोऱ्याला कशाला?

अंजनी : उद्या कचेरीतून कळण्यापरीस आज माझ्याच तोंडून ऐकू द्या पोराकडच्याइले. चुडैल मीच लावली, यांना काही लागलं नव्हतं.

वकील : आणि सोयरीक मोडली तर?

अंजनी : शकुले दुसरा पोरगा भेटन, वकीलसाहेब. मले हे दुसरे कुठून भेटतीन?