चष्मा काढला की देखणा

आमच्या ह्यांचं काय सांगू बायांनो! हिंगोलीच्या डॉक्टरनं सांगितलं, लेझरनं माझा चष्म्याचा नंबर जाईल. मी तयार, पण हे नको म्हणले.

म्हणलं, "काहून?"

"जवळा बाजारला तुझ्या माहेरी तुला बघायला आलो, तवा दोघांच्याबी आयांनी आपल्याला चष्मे काढून ठेवायला लावले होते. मला तू धड दिसली न्हाईस, तुला मी. तरी दोघंबी हो म्हणलो."

"मंग?"

"अजूनबी रुसलीस की चष्मा काढून बसतीस. तवा मी तुला त्या दिवसासारखाच देखणा दिसत असन. ऑपरेशन केलंस तर हाय तसाच दिसून राहीन, जन्मभर!"

मी चष्मा काढला अन् त्यांच्याकडं नीट पाहिलं.

"व्हय की! जाऊ द्या ते ऑपरेशन."