शेततळ्यावरचा परीट

माझं माहेर पेठकडलं, डोंगरातलं. तिथं पोरांना ऋतू-महिने कुणी शिकवत नाय, काय सांगू तुम्हाला, खाता खाताच कळतात, करवंदं काळी झाली की उन्हाळा सरत आला, काकड्या लागल्या की गणपती आले, आम्ही असंच मोठं झालो. लग्न होऊन इकडं आले, गंगापूर रोडनं शहर संपतं त्याच्या पुढं, दोन एकर रान, झेंडू, शेवंती, मधी मेथी-कोथिंबीर. आमचे हे सातपूरला कंपनीत शिफ्टला जातात, शेत मी आणि आत्याबाई बघतो, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. पोरगी एकच, ओवी. गेल्या दसऱ्याला साडेतीन वर्षांची होती, तेव्हाचं सांगते.

आत्याबाई म्हणायच्या, पोरीला मोबाईल लावून दे, गप बसंल, कामं उरकतील. मला नाय पटायचं. मी तिला कडेवर घेऊन बांधानं फिरवायची, हा बघ तेरडा फुलला, हे बघ चतुर उडायला लागले, आता पाऊस जायचा. आत्याबाई म्हणायच्या, ही काय शाळा काढली का रानात. म्हणंनात का. हौस माझीच जास्त होती, खोटं कशाला बोलू.

आमचं शेततळं आहे, कागद टाकलेलं, म्हणजे तळाला, कडांना सगळं काळं प्लास्टिक. पाऊस सरता सरता तिथं परीट येतो, बारकं पाखरू, काळं-पांढरं, शेपूट सारखं वर-खाली, पाण्याच्या कडंनं तुरुतुरु चालतं. ते आलं की थंडी येणार समजायचं. त्याच्या आदल्या साली मी ओवीला दाखवलं होतं, आणि शिकवलं होतं की पाखरू जवळ आलं की दगड व्हायचं, हलायचं नाय, श्वास पण हळू घ्यायचा. लय गुणाची, खरंच दगड व्हायची.

आता त्या कागदाचं तुम्हाला सांगते. ओला झाला की त्याच्यावर पाय टिकत नाय, शेवाळ धरतं, पोहणारा गडी पण वर येत नाय. म्हणून काठावर खुंट्या ठोकून गाठी मारलेले दोर पाण्यात सोडून ठेवतात, कुणी घसरलं तर धरायला. आमच्या तळ्याला चार होते. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी, फुलांची नुसती घाई, पिकअप दारात उभी, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, कॅरेट बांधायला दोर पुरंना. मी गेले आणि तळ्याचे दोन दोर सोडून आणले. म्हणलं गाडी माघारी आली की लावू परत. मीच सोडले, दुसऱ्या कुणी नाय.

गाडी गेली, मी वळून बघते तर ओवी नाय. पडवीत नाय, गोठ्यात नाय, शेवंतीत नाय. आत्याबाई म्हणल्या, आत्ता तर इथं होती, पाखरू आलं पाखरू आलं म्हणत होती. बस, तशीच तळ्याकडं पळाले. चप्पल कुठं पडली ठाऊक नाय.

तळ्याच्या काठावर चढले आणि दिसली. आतल्या बाजूला, कागदाच्या उतारावर बसलेली, पाय पाण्याच्या वर एक हात असतील नसतील. खाली पाणी खोल. बाजूला दोर नाय, त्याच बाजूचे मी सोडलेले. आणि पलीकडं तो परीट, शेपूट हलवतोय, त्याला काय त्याचं. ओवी पुढं सरकत होती, ढुंगणावर, हळूहळू.

तोंडाशी हाक आली होती, ती गिळली. ओरडले असते तर ती उठली असती, वळली असती, मग संपलंच. मी एकदम बारीक आवाजात म्हणलं, ओवी, दगड हो. आणि झाली हो माझी बाय. जिथं होती तिथंच थांबली, मान पण वळवली नाय.

मी काठावर पालथी पडले, आत्याबाई धापा टाकत आल्या, न सांगता माझ्या पायांवर बसल्या, सगळा भार टाकून. मी सरकतेय, बोटं पोचंनात, परत सरकतेय, ऊन लागून कागद तापलेला, कोपरं भाजली. ती तशीच दगड. शेवटी फ्रॉकची गाठ हाताला लागली आणि ओढली. वर आल्यावर ती मलाच रागावली, म्हणती, आई, तू पाखरू उडवलं.

त्या दिवशी मी तिला मारलं. मारलं आणि मग धरून रडले. तिला काय कळंना.

हे आल्यावर आत्याबाईंनी सगळं सांगितलं, पण दोराचं काय बोलल्या नाय. मी आठ दिवस कुढत होते, जेवण जाईना. मग मेथीच्या जुड्या बांधताना बोलून टाकलं, आत्याबाई, दोर मी सोडले होते. त्यांनी जुडीला दोरा गुंडाळला, गाठ मारली आणि म्हणल्या, मी बघितलं होतं तुला सोडताना. फुलं जायची होती म्हणून मीबी गप बसले.

मी पुढची जुडी बांधायला घेतली.

आता तळ्याला जाळी आहे, कुलूप आहे, किल्ली माझ्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी असती. दोर सहा लावले. यंदा परीट आला म्हणतात. म्हणतात म्हणजे ओवी म्हणती. आम्ही जाळीच्या बाहेर उभ्या राहतो, ती बोट दाखवून सगळं सांगती, आई हे बघ चाललं, हे बघ पाणी प्यालं. मी हो हो म्हणते. पण खरं सांगू का, मी पाखराकडं बघतच नाय, माझी नजर तिच्या पायांवर असती, हात घामेजला तरी तिचं मनगट सोडत नाय. मला आता ते पाखरू दिसतच नाय. तिला दिसतंय ना, देवा, तिला तसंच दिसू दे.