पलीकडचा एक गोल

(जुन्नर तालुक्यातलं एक वीज उपकेंद्र, मार्च १९९८. हनुमंत तिथला ऑपरेटर. स्नेहल पुण्याहून चौकशीला आलेली अभियंता.)

हनुमंत : सोमवारी सकाळी नऊ सतराला पहिली लाईन गेली. अठराला दुसरी. आळ्यापासून पेठंपर्यंत समदं बंद. मी कशालाबी हात लावला न्हाई. लिहा.

स्नेहल : लिहिलं. पण पहिली गेली तरी दुसरी सगळा भार पेलते, असं आमचा कॉम्प्युटरवरचा अभ्यास सांगतो. कुणी चुकीचा ब्रेकर उघडून चालू लाईन तोडल्याशिवाय ती जायला नको.

हनुमंत : कुणी म्हंजे मी. निलंबनाचा कागद टाईप करूनच आणलाय न्हवं?

स्नेहल : माझ्याकडे नाही.

हनुमंत : मग पुण्याला असंल. दावा तो अभ्यास. ह्या नकाशात आमच्या लाईनी समद्या हायेत की. आन् पलीकडं, शेजारच्या केंद्राकडं, नुसता एक गोल?

स्नेहल : पलीकडे शेकडो लाईनी आहेत. कॉम्प्युटरला तेवढं झेपत नाही. म्हणून त्या सगळ्यांच्या जागी एकच स्रोत धरतो.

हनुमंत : शेजारचा मेंढरांचा अख्खा वाडा एक मेंढरू धरला, तर आमचा म्हातारा काठी घालंल.

स्नेहल : गणित बरोबर आहे, भाऊ. पलीकडे काही बदलत नाही तोवर.

हनुमंत : बदललं ना! साडेआठला तिकडची मोठी लाईन कामासाठी बंद केली. त्यांची वीज आमच्या तारांवरनं जाया लागली. मग पहिली गेल्यावर एवढा भार दुसरीला कसा पेलंल? तिकडच्या केंद्रावरच्या ऑपरेटरचा, कुंडलिकचा, फोन व्हता. वहीत हाय.

स्नेहल : आहे. दोन ओळींच्या मधे दाटून. शाईही वेगळी.

हनुमंत : मागनं लिहिली, कबूल. पण लाईन जायच्या आधी.

स्नेहल : कशावरून?

हनुमंत : दर तासाला मीटरचा आकडा लिवतो, त्यातला नऊचा बघा. एरवी दोनशे अँपिअर. त्या दिशी तीनशे दहा.

स्नेहल : तोही तुमच्याच हातचा.

हनुमंत : लाईनीचं दुसरं टोक कुंडलिककडं हाय. तिथला मीटर काय मी वाचत न्हाई. लावा फोन.

स्नेहल : हॅलो, कुंडलिकराव? सोमवारी तुमची मोठी लाईन बंद होती का?... बरं. मग वही काढा. नऊचा आकडा सांगा... आठचा नको, नऊचा... नीट बघा... ठेवते.

हनुमंत : काय म्हनला?

स्नेहल : लाईनीचं साहेबांना विचारून सांगतो म्हणाला.

हनुमंत : आन् आकडा?

स्नेहल : आठचा आहे. दहाचा आहे. नऊची ओळ कोरी आहे.