नकाशातला निळा पट्टा

विमा कंपनीच्या ऑफिसात मालनबाई आपल्या नंबराची वाट बघत बसल्या होत्या. पुढच्या खुर्चीतले आप्पासाहेब टेबलापलीकडच्या शेफालीवर तापले होते.

"बंगल्याचा हप्ता का वाढवला, मॅडम?"

"आमच्या नकाशात तुमची जागा निळी आहे, काका. म्हणजे पुराचा धोका. पार्किंगच्या जागी ओढा दिसतो."

"कसला ओढा? चार पिढ्या तिथं हाय आमी!"

"बुजवला असेल कोणीतरी."

"न्हवताच, तर बुजवंल कोण? त्या नकाशाला घरी पाठवा. चहा पाजतो, अन् ओढा दाखव म्हणतो."

"तुमचा फोन वाजतोय."

"हां शकू, बोल. न्हाई, मी रिक्षानं आलोय. गाडी ओढ्यातच लावलीय की, रोजच्यासारखी."

"सही इथे करा, काका."