पस्तीवाल्याकडची दुपार

— नाही नाही काकू, बसा आधी, उभ्या उभ्या नका बोलू. तो पुस्तकांचा गठ्ठा सरकवा बाजूला. आमच्या प्रकाशनाचं ऑफिस म्हणजे एवढंच, वाडीतली ही एक खोली आणि तो अंधारा जिना — गुडघे दुखत असताना चढलात कशा? पाणी घ्या. हो, मीच स्नेहलता. शालिनीचं पुस्तक मीच काढलं, आणि बक्षीस आजच आहे, संध्याकाळी, ते खरंय. लहान प्रकाशकांच्या पुस्तकांनाच देतात ते — पुण्या-मुंबईची कोण कोण मंडळी होती, आणि त्यातून आपल्या बडोद्याची तुमची सून! वाघोडियाच्या कंपनीत औषधांच्या पॅकिंगला जाते, येता-जाता बसमध्ये लिहिते, आणि परीक्षक म्हणतात असं लिखाण वर्षानुवर्षांत वाचलं नाही. तुम्हाला आनंद झालाच असेल. झाला ना? — म्हणजे, तिनं सांगितलंच नाही तुम्हाला? मग कळलं कसं? ...पेपरमधून. शेजारच्या आकांक्षानं वाचून दाखवलं. सोसायटीतल्या सगळ्या बायकांसमोर. मोठ्यानं.

अरेरे.

त्या पेपरवाल्यांनी नेमकी तीच कथा छापली. छापणारच म्हणा, सगळ्यांना तीच आवडलीय — सून कामावर गेलेली असताना सासू तिचे लिहिलेले कागद रद्दी म्हणून पस्तीवाल्याला देऊन टाकते, त्याच्याकडून आलेल्या पैशांची भाजी आणते, आणि संध्याकाळी सून तीच भाजी चिरायला बसते. संपली कथा. आता काकू, कथेतली सासू म्हणजे तुम्हीच असं काही नसतं हं, लेखक इकडचं तिकडचं घेतो, कल्पना असते — बरं. नाही म्हणत तसं. तुमचं सुभानपुरा आहे त्यात, तुमचा झोपाळा आहे, सुनेला ‘वहूबेटा’ म्हणून हाक मारणं आहे. ओळखणारच लोक. आमची पुस्तकं वाचतं कोण, तीनशे प्रती काढायच्या आणि निम्म्या इथंच धूळ खायच्या — म्हणून मला वाटलं होतं, कुणाला कळतंय! बक्षीस मिळालं आणि पहिल्यांदा वाचक मिळाले. त्यात तुम्हीही.

पण शालिनीला बोलू नका. ऐका माझं, तिला एक शब्द बोलू नका. तिनं असं लिहिलंच नव्हतं — म्हणजे लिहिलं होतं, पण ती तिथं थांबली नव्हती. पुढे दोन पानं होती. सासूला कळतं आपण काय देऊन बसलो ते, आणि ती भर उन्हात पस्तीवाल्याकडे जाते. तो म्हणतो, माजी, एटली पस्तीमां क्यां शोधशो? एवढ्या रद्दीत कुठं शोधणार? तरी ती फतकल मारून बसते आणि एकेक कागद उलटत राहते. सुनेचं अक्षर तिला वाणसामानाच्या चिठ्ठ्यांवरून ठाऊक असतं. हात काळे होतात, निम्मेच कागद सापडतात, ते पदरात घालून आणते आणि सुनेच्या उशीखाली ठेवते. बोलत काहीच नाही. — तसंच झालं होतं? तिनं उलट तुम्हाला काही विचारलं नाही? ...हो, तेही होतं त्यात. दोघींनी पुन्हा कधी विषय काढला नाही, असं होतं.

मी कापलं ते. मी, दुसरं कोणी नाही. म्हटलं, शेवट मऊ होतो, धार जाते. शालिनी म्हणाली, “ताई, मग आई अर्ध्याच राहतील.” दोनदा म्हणाली. आणि मी तिला सांगितलं, साहित्य म्हणजे घरातल्यांची मर्जी राखणं नव्हे. पहिलं पुस्तक तिचं, काय बोलणार बिचारी? खरं सांगू, माझ्या डोक्यात परीक्षक होते. इतकी वर्षं चांगली चांगली पुस्तकं काढते मी, कोणी ढुंकून बघत नाही. यंदा बघायला हवं होतं. बघितलंही. त्यांच्या मानपत्रात काय आहे माहितेय? ‘कुठलीही सारवासारव न करणारा शेवट.’ तो शेवट माझा आहे, काकू.

आणि आजचंही — तिनं तुम्हाला बोलावलं नाही, ती लाजत होती म्हणून नाही हो! तिनं विचारलं होतं मला, आईंना पहिल्या रांगेत बसवू का. मीच नको म्हटलं. लोक माना वळवून बघतील, कुजबुजतील, तुम्हाला त्रास होईल, असं म्हटलं तिला. तुमच्या त्रासाचं मला काय पडलं होतं? तुम्ही कोणाला तरी पुढचं खरं सांगाल, ही भीती होती.

असं बघू नका ना. शिव्या द्या हवं तर. दुसऱ्या आवृत्तीत घालते ती पानं, प्रेसला आत्ता फोन करते. स्टेजवर उभं राहून सांगू? सांगते, सगळ्यांसमोर — काय? ...नको? आजचा दिवस तिचा आहे. हो. आहे.

उठलात? घरी? — नाही? समारंभाला? अहो पण तिथं सगळ्यांनी वाचलंय ते, तुमच्याकडेच बघतील सगळे... बघू देत म्हणता. सयाजीबागेच्या मागचं सभागृह, रिक्षावाल्याला सांगा, तो नेईल. शालिनी बाहेर व्हरांड्यातच असेल, आत जायच्या आधी गाठा तिला. मी? मी येते मागून. तुमच्या शेजारी नाही बसत, मागे कुठंतरी. जा तुम्ही. सांभाळून, जिन्याला कठडा नाहीये —