वडापच्या जीपचे पाटे

कोल्हापूरच्या दवाखान्यात मला दाखवून नेसरीला परतताना माझ्या वडिलांनी, आण्णांनी, खेडोपाडी सीटा भरून वडाप करायची त्यांची जीप उद्यमनगरात स्प्रिंगच्या पाट्यांच्या दुकानापुढे थांबवली. मला आठवा महिना होता. मी दुकानाबाहेर बाकावर बसले. आत आण्णा मिस्त्रींशी बोलत होते.

“पाटं बदलायचं हाईत, मिस्त्री. कुठल्या पोलादाचं घालू?”

“वडाप करतासा न्हवं? मग साधं घ्या. जाड पाटं, पंधरा माणसं कोंबा, दबायचं न्हाईत.”

“आन् हादरं?”

“बसणारच की. वडापला काय पालखी पायजे व्हय?”

“दुसरं?”

“सिलिकॉन घातलेल्या पोलादाचं. पाटं पातळ, गाडी मऊ चालती. पर पंधरा माणसं घेतलीसा की खाली टेकलीच.”

“तेच घाला.”

“पावणं, धंदा बुडंल की!”

“बुडू दे. पोरीला बाळंतपणाला हितं दवाखान्यात आणायचं हाय.”

“एका खेपंसाठी?”

“गेल्या साली माझ्याच गाडीतनं आणली तिला. खड्ड्यात आदळली गाडी. पोटातलं गेलं तिचं.”

मिस्त्रींनी पातळ पाटे पुढे ओढले.

“मऊ चालंल न्हवं? खरं सांगा.”

“चालंल, आण्णा.”

नवे पाटे घालून निघालो. वाटेत ते सारखं विचारत होते, “धक्का बसतोय का गं?” मी फक्त नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचं हृदय बंद पडलं.

महिन्याभराने माझा भाऊ पृथ्वीराज त्याच जीपने मला आणि माझ्या मुलीला दवाखान्यातून घरी आणत होता. खड्ड्यातही तिची झोप मोडली नाही. मी मोठ्याने म्हणाले, “आण्णा, गेल्या सालचं ते बाळ मी गाडीत बसायच्या आधीच पोटात गेलं होतं. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. तुमच्या गाडीनं काही झालं नव्हतं.”