घरी नाहीत ते

— नाहीत म्हनलं ना घरी. दोनदा सांगतलं, तिसऱ्यांदा काऊन विचारून राहिले? देवरीले गेले, बैल पाहाले. कवा येतीन ते सांगून नाई गेले. आता तुमी अर्जुनीच्या टेशनापासून चिखल तुडवत आले, त्याले मी काय करू? बोलावनं धाडलं होतं का म्या? बसा ओसरीवर, पाऊस थांबला का उठा. पानी देते — दुश्मनालेबी पानी द्यावं लागते, माह्या मायनं तेवढं शिकवलं. अन् हळू बोला, छोटेलालबाबू. "खुशाल, खुशाल" करून यायच्या नावानं असे वरडू नका. मांगच्या बांधीत धानाचा रोवना चालू आहे, उगंच कोनी आईकन — कोनी म्हंजे गडीमानसं. दुसरं कोन राहीन?

ओळखलं ना तुमाले. ही धुरपता कोनाले विसरत नाई. स्वराज्य आलं त्याच्या दुसऱ्या वरसी तुमी केशोरीच्या मंडईत, दिवाळीमांगच्या जत्रेत, आले होते, अन् धान कापलेल्या बांधीत आमच्या घरधन्याले अनवानी फुटबॉल खेळताना पाहिलं. मंग याच ओसरीवर बसून माह्या सासऱ्यायले म्हनले, "काका, पोराले आमच्या मिलच्या टीममधी द्या. हजेरी सूतखात्यात, काम फुटबॉलचं." सासरे बिचारे हसतच राहिले — बॉलले लाथा माराचा पगार भेटते म्हने नागपुरात! कोंबडं रांधून वाढलं होतं म्या तुमाले. बोटं चाटून जेवले तुमी.

अन् लाथा माराचंबी कुठं, अडवाचं काम! बॅक! समोरून येनारा येते धावत, शिव्या देत, अन् यायनं त्याच्या आडवं पडाचं. सात वरसं आडवे पडले, अन् हार कोनाच्या गळ्यात? त्या पुढं खेळनाऱ्या नंदलालच्या. जिंकले त नंदलालनं जिंकवलं, हारले त बॅकनं बुडवलं. — बायकायले काय समजते म्हनता? दिवाळीले दोन दिवस येत हे, अन् झोपीतबी लाथा मारत. माहा संसार येवढाच, सात वरसं. म्या लाथा खाल्ल्या, मले नाई समजाचं त कोनाले समजन?

अन् जबलपूरले खेळताना गुडघा मोडला तवा कोन आलं पाहाले? मिलनं काय केलं? गोदामात कापसाच्या गाठी उचलाले लावलं. मोडक्या गुडघ्याच्या मानसाले! मंग खोली खाली करा म्हने, नव्या बॅकले पाहिजे. तुमी होते ना तवा? दारातच उभे होते, यायनंच सांगतलं मले — "छोटेलालबाबू काई नाई बोलले, खाली पाहून राहिले होते." तवा खाली पाहिलं, मंग आज कोन्या तोंडानं आले? नव्या बॅकचा पाय मोडला, हो ना? समजलंच म्या. गरज सरो वैद्य मरो, अन् पुन्हा ताप आला का वैद्याच्या दारात!

थांबा, माहं बोलनं होऊ द्या. मधात मधात "वहिनी आईका, वहिनी आईका" लावू नका.

त्यायच्यात आता काई राहिलं नाई. गुडघा गेला कामातून. उठता येत नाई, बसता येत नाई, शेताच्या धुऱ्यावर बसून राहतेत म्हताऱ्यावानी. — देवरीले कसे गेले? मोटारीनं गेले. मोटारीत का गुडघ्यावर चालाचं राहते? खोटं कायले सांगू मी? कालच पाहा ना, चिखलनी चालू होती अन् हेला, येवढा मोठा रेडा, बिथरला, सुटला, निघाला पऱ्ह्याकडं, धानाच्या कोवळ्या रोपायकडं. सारे गडी बाजूले पळाले. अन् हे असे धावले — त्याच्या मांगं नाई, तो जिथं पोचनार होता तिथं — अन् डावीकून असं दाबत दाबत नेलं त्याले कोपऱ्यात, का हेला उभाच! काय करावं त्यालेच समजेना. लोकं टाळ्या पिटून राहिले. अन् हे हसले, बाबू, किती दिवसानं हसले... हं? गुडघा? हो, गुडघा दुखतेच ना. रातीले दुखते.

काय पाहून राहिले असे? हो, बरा झाला! झाला बरा गुडघा! म्या केला. दोन पावसाळे मोहाच्या टोरीचं तेल गरम करून रोज चोळला, माह्या हाताचा वास अजून जात नाई. तवा तुमच्या मिलचं कोनी चोळाले नाई आलं. काठी सुटली त्या दिवसी मी चुलीपाशी बसून रडली. मले वाटलं, आता हा मानूस माहा झाला. आता सांजच्याले घरी येतेत, शेजारी बसतेत, कढीत मीठ कमी आहे म्हनतेत. तुमाले नाई समजाचं ते. मीठ कमी आहे म्हनाले घरात मानूस असावं लागते. अन् तुमी तोच गुडघा न्याले आले? तुमच्यासाठी बरा केला का म्या तो?

म्हनून त्यायले मी सांगनार नाई. तुमी आले होते हेबी नाई. नुसतं कानावर पडलं त हे पाय धुवाले थांबनार नाईत, मले ठाऊक आहे. उठा आता, उघडला पाऊस. गाडी चुकीन तुमची. अन् जाता जाता येवढं सांगून जा, पाय बरा झाला हे नागपुरात कोनं सांगतलं? कोन तो चुगलखोर? या गावातून तिकडं जाते कोन? एक यादोराव जाते कापड आनाले, पन तो त यायचा जिवाचा दोस्त, तो कायले —

काय?

यादोरावच्याच हातून? कवा? ... आखाडीच्या आधी? यायनं सोताच निरोप धाडला, "पाय बरा आहे, बोलवा" म्हनून? खोटं बोलून राहिले तुमी. तुमची जातच खोटी, छोटेलालबाबू, तवाबी तुमी — नाई. नाई, खरं आहे. म्हनूनच आठ दिवसांपासून सडकेकडं तोंड करून जेवाले बसतेत. मी म्हनली, हवा लागते म्हनून बसत असतीन.

बसू नका आता पुन्हा. उठले ना, मंग जा.

मांगच्याच बांधीत आहेत ते. आंब्यापाशी, घोंगडं घेतलेले. धुऱ्यावरून जा, रोवलेलं तुडवू नका. अन् हाक तुमीच मारा. मी नाई मारत.